सोडलेला विषय

"मी नाही ओळखत ह्यांना," अरिहंत म्हणाला आणि अज्जीच्या पदराआड लपला.

पद्मावतीच्या हातात मेथीची जुडी होती. समोर खांद्याला कापडी पिशवी लावलेली एक तरुण मुलगी हसत उभी होती. रविवारची मंडई, पावट्याच्या शेंगांचे ढीग, मागून कुणाकुणाची कोपरं लागत होती. "अरे लबाडा, मोना टीचरला ओळखत नाहीस? मग गुरुवारी माझ्याबरोबर मनोरे कोण रचतं?" ती मुलगी म्हणाली. पद्मावतीला आधी वाटलं, हिची काहीतरी गफलत होतेय. गुरुवारी अरिहंतचा चित्रकलेचा क्लास असतो. त्याची आई आदिती बँकेतून लवकर निघून त्याला शाळेतूनच परस्पर घेऊन जाते. शिवाय हे पोर काही लाजणारं नव्हे. रिक्षावाल्याला आपल्या घरी काल काय शिजलं ते सांगणारं, लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला तुमच्या नाकात एवढे केस का म्हणून विचारणारं. ते आज पदर तोंडात धरून का उभं आहे? तेवढ्यात ती मुलगीच म्हणाली, "तुम्ही अज्जी ना? फार सांगतो हो तुमच्याबद्दल. बरं झालं बाई, आता तुम्हालाही पटलंय म्हणायचं. अरिहंतचे पप्पा पहिल्या दिवशीच म्हणाले होते, घरी माझ्या आईला हे मान्य नाही, तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका, म्हणून आम्हीही..." आणि पद्मावतीच्या चेहऱ्याकडं बघून ती थांबली. तिनं जीभ चावली, ती दिसलीसुद्धा.

"मला काय मान्य नाही?" पद्मावतीनं विचारलं. बालवाडीत रडणाऱ्या मुलाला विचारायची तसं, अगदी हळू.

"तसं काही नाही हो. म्हणजे, लक्ष न टिकणं, स्वस्थ न बसणं, त्याला एडीएचडी म्हटलं की घरात मोठी माणसं घाबरतात. घाबरण्यासारखं खरंच नसतं. अरिहंत किती छान करतोय." मग तिला एकदम उशीर झाला. ती गर्दीत गेली. भाजीवाली म्हणाली, "मावशी, घेतासा का ठेवतासा ती जुडी? पार चोळामोळा केलासा की." पद्मावतीनं जुडी घेतली, पैसे दिले, उरलेले परत घ्यायला ती विसरली आणि भाजीवालीनं हाक मारून हातात कोंबले, तेव्हाही तिला वाटलं की हे सगळं शेजारच्या कुठल्या तरी बाईला घडतंय.

रस्त्यानं अरिहंत तिचं बोट ओढत होता. एरवी तो बोट सोडून पळायचा. पळण्याआधी रस्ता बघायचा नाही, गाडी बघायची नाही, पाय आधी जायचे आणि पोर मागून. आज मात्र तो तिच्या तोंडाकडं बघत चालला होता. "अज्जी, मी सांगितलं नाही," तो म्हणाला. "पप्पा म्हणाले होते अज्जीला सांगायचं नाही. मी एकदा पण सांगितलं नाही. झोपताना पण नाही. नाही ना सांगितलं?" त्याचा चेहरा फुलला होता. जन्मात पहिल्यांदा त्यानं एखादी गोष्ट शेवटपर्यंत धरून ठेवली होती. ज्याच्या हातात पेन्सिल टिकत नाही, डबा टिकत नाही, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यानं एवढे दिवस हे तोंडात धरलं, आणि आता त्याला शाबासकी हवी होती. तिच्याकडून. पद्मावती म्हणाली, "शाबास." दुसरं काय म्हणणार? तो खूश होऊन उसाच्या गुऱ्हाळाकडं पळाला, आणि तिला नेहमीसारखं त्याच्यामागं पळावं लागलं, एका हातात मेथी, एका हातात साडीच्या निऱ्या.

पळताना तिला आठवलं ते त्याचं तिसरं वर्ष सरतानाचं. लोकांना वाटतं, बालवाडीच्या बाईला पोरांचं रडणं आणि शेंबूड एवढंच कळतं. उत्तरेश्वर पेठेतल्या त्या दोन खोल्यांत पद्मावतीचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि तिथं तिला एक गोष्ट कळली होती. मस्तीखोर पोर मस्ती करताना डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असतं, कोण बघतंय, कोण हसतंय, बाई कुठं आहेत. त्याला प्रेक्षक लागतो. अरिहंत कुणाकडंच बघायचा नाही. स्वयंपाकघरातून वाटी आण म्हटलं की तो खरोखर वाटी आणायला निघायचा, आणि मध्येच फरशीवरच्या उन्हाच्या पट्ट्यात बसायचा. वाटी तर गेलीच, आपण कुठं निघालो होतो तेही गेलं. एक मोजा घातला की दुसरा हातातच. नावानं हाका मारून घसा सुकायचा, त्याला ऐकू यायचं नाही, पण तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या कुकरची शिट्टी झाली तर याला आधी ऐकू यायची. घसरगुंडीवर पुढचं पोर खाली पोचायच्या आत हा त्याच्या पाठीवर. मग ते पोर रडायचं आणि त्याच्याहून जास्त हाच रडायचा, खरंखुरं, छाती भरून, आणि पाण्याचा घोट घेऊन झाला की पुन्हा तेच. आणि तेच पोर सकाळी ती पाणी गाळायला बसली की गाळणीच्या फडक्यातून पडणारी धार बघत बसायचं, घर जळालं तरी उठणार नाही असं. आदिती तेव्हा म्हणायची, "बघा आई, मनात आणलं की बसतो की नाही? मुद्दाम करतो." पद्मावतीला कळत होतं की मुद्दाम करत नाही. मनात आणणं हीच गोष्ट त्याच्या हातात नाही. हे तिला शब्दांत सांगता आलं नसतं, पण उकळायला लागलेलं दूध जसं न बघता कळतं, तसं कळत होतं.

पूर्वी असल्या पोरांना कोल्हापुरात एकच औषध होतं. तिच्या बालवाडीत सम्राट नावाचा एक मुलगा होता, गवळ्याचा. खिडकीच्या गजांवर चढून बसायचा, खाली उतरवला की दाराच्या कडीला लोंबकळायचा. तिनं त्याच्या बापाला बोलावून घेतलं. तो हाताला लागलेलं म्हशीचं शेण निपटत आला आणि हसत म्हणाला, "बाई, रग हाय पोरात, दुसरं काय न्हाय. जरा वाढू दे, तालमीत घालतो. माती अंगाला लागली की समदं जिरतंय." त्याच्या आवाजात अभिमान होता. गल्लीत सगळ्यांनाच त्या पोराचा अभिमान होता. तिलाही वाटलं, असेल बाई. मग तिनं त्याला पोरांना पाणी वाटायचं काम दिलं, म्हणजे त्याला उठायला कारण मिळालं आणि तिला ओरडायला उरलं नाही. परवा एकदा शिवाजी पुलाजवळ एक टेम्पो करकचून थांबला आणि आतून मिशावाला गडी ओरडला, "बाई, सम्राट! वळखलासा का? आजून तसाच हाय बगा! बायको म्हणती, तुमचं बूड टेकतंय कवा?" आणि मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कहर केला तरी तो बोलतच राहिला होता. पद्मावती त्या दिवशी घरी येईपर्यंत हसत होती. मग हसू थांबलं, कारण भूपाल आठवला.

भूपाल, तिचा एकुलता एक मुलगा, अरिहंतचा बाप. तोही असाच. टोपी, डबा, कंपास, एक चप्पल, सगळं शाळेच्या वाटेवर सांडत घरी यायचा. गुरुजींनी त्याला बाकावर उभं केलं, वर्गाबाहेर उभं केलं, हाताची बोटं सुजवली. ती रोज त्याच्या शेजारी बसायची, त्याच्या गुडघ्यावर आपला हात ठेवून, आणि गुडघा हाताखाली पाखरासारखा फडफडत राहायचा. तो दहावी झाला, मोठा झाला, लक्ष्मीपुरीत पाण्याच्या मोटारींचं दुकान टाकलं, लग्न झालं. आजही तो एक फोन अर्धा सोडून दुसरा उचलतो, गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवून घरभर शोधतो. त्या गोष्टीला नाव असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग अरिहंतच्या त्या तिसऱ्या वर्षात एकदा टीव्हीवर एक डॉक्टरीणबाई लहान मुलांबद्दल बोलत होत्या. एकदोन दिवसांचं नव्हे, सतत दिसायला हवं. नुसतं घरी नव्हे, शाळेतही दिसायला हवं. वयाच्या मानानं फार जास्त असलं तर दाखवून घ्यावं, मारून काही होत नाही. पद्मावती उभ्या उभ्याच ऐकत राहिली. हातातलं लाटणं तसंच.

त्याच संध्याकाळी ती भूपालशी बोलली. गॅलरीत, आदिती माहेरी इचलकरंजीला गेली होती तेव्हा. "अरिहंतला एकदा लहान मुलांच्या डॉक्टरला दाखवू या. बालवाडीतल्या बाईंनाही विचारू या, तिथं कसा असतो," एवढंच म्हणाली. तिला वाटलं होतं, तो विचारेल, काय दिसलं तुला? पण त्याचा चेहरा एकदम दहा वर्षांच्या पोराचा झाला, बाकावर उभं केलेल्या. "माझ्या पोराला येडं ठरवालीस व्हय?" तो म्हणाला. "मला पण हेच म्हणत हुते सगळे. झालं काय माझं? दुकान हाय, घर हाय, बायको हाय. तो माझ्यावर गेलाय, एवढंच हाय ते. आणि हे आदितीच्या कानावर गेलं तर बघ. तिच्या माहेरचे म्हणतील, ह्यांच्या रक्तातच खोट हाय." चातुर्मास तोंडावर आला होता. दर वर्षी ती बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन देवासमोर नियम घ्यायची, चार महिने काहीतरी सोडायची, एका वर्षी गूळ, एका वर्षी दही. भूपालला ते ठाऊक. जाता जाता तो म्हणाला, "यंदा दही-बिही सोडू नको आई. हा विषय सोड."

चेष्टेनंच म्हणाला असेल. पण पद्मावती दुसऱ्या दिवशी बस्तीत गेली तेव्हा हातातले तांदूळ देवापुढं वाहताना तिच्या तोंडून तेच आलं. भूपाल स्वतः बोलेपर्यंत मी हा विषय तोंडातून काढणार नाही. का घेतला असला नियम? कुणी म्हणेल रागानं. रागानं नव्हता घेतला. तिला वाटलं होतं, पोरगा आहे, आईनं एवढं सोडलं म्हटल्यावर त्याला आतून टोचेल, आणि चार दिवसांनी तोच येईल, म्हणेल, आई, चल, दाखवून येऊ. तिनं त्याला तसं सांगितलं. तो आधी हसला, मग वाकून पाया पडला. चातुर्मास संपला, दिवाळी झाली, तो आला नाही. नियमाला तिनं महिन्यांची अट घातलीच नव्हती. त्याच्या तोंडाची घातली होती.

नियम म्हणजे काय हे ज्यानं कधी घेतला नाही त्याला सांगून कळत नाही. तापात फणफणत असतानाही सूर्य बुडाल्यावर तिनं पाण्याखेरीज घोट घेतला नव्हता. सासऱ्यांनी शेवटच्या आजारात सोडलेलं मीठ मरेपर्यंत तोंडात घेतलं नव्हतं. त्या घरात बोललेला शब्द मोडायची रीतच नव्हती. म्हणून एकदा दुपारी आदिती कपड्यांच्या घड्या घालता घालता जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तुम्ही इतकी मुलं बघितलीत. आपल्या अरिहंतमध्ये तुम्हाला काही वेगळं वाटतं का हो?" तेव्हा पद्मावतीच्या घशापर्यंत सगळं आलं होतं. वाटी, मोजा, घसरगुंडी, सगळं. तिनं ते गिळलं. नुसती गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण सूनबाई डोळ्यांत डोळे घालून बघत होती, म्हणून ती म्हणाली, "होईल शांत." त्यानंतर शेजारणींना, नातेवाइकांना, शाळेतल्या बाईंना ती तेच म्हणत राहिली. होईल शांत. रोज रात्री पोराचे पाय चेपताना स्वतःलाही.

आणि आता हे दोघं त्याला घेऊन गेले होते. तिनं सांगितलं होतं तिथंच. याचा तिला आनंद व्हायला हवा होता, आणि कुठंतरी तळाशी तो होताही. पण भूपाल तिथं जाऊन काय म्हणाला? माझी आई मानत नाही. त्याचं तोंड कसं उघडलं असेल? मेथी निवडताना तिच्या बोटांना काही कळत नव्हतं, पानं कचऱ्यात आणि देठं ताटात पडत होती. तिनं त्याच्यासाठी गूळ नाही, दही नाही, पोटचं बोलणं सोडलं होतं, आणि ती रिकामी जागा बघून त्यानं तिथं आपलं पाप ठेवून दिलं. मंडईतल्या त्या परक्या मुलीलासुद्धा माहीत होतं की घरात एक हट्टी म्हातारी आहे, तिच्यापासून पोराला लपवायला लागतं. जावळ काढल्यापासून ज्याचं डोकं तिच्या मांडीवर, त्यालाही शिकवलं गेलं होतं, अज्जीला सांगायचं नाही.

रविवारी सगळे एकत्र जेवायला असत, ऊन असतानाच. समोरच्या इमारतीच्या टाकीवर तांबूस उजेड होता. अरिहंत एक घास खाऊन उठला, खिडकीशी गेला, परत आला, पाण्याचं भांडं कलंडलं. भूपाल खेकसला, "बूड टेकव की लेका!" आदितीनं नवऱ्याकडं नुसतं बघितलं. मग ती अरिहंतच्या उंचीला खाली बसली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचे डोळे तिच्या डोळ्यांवर येईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "आधी फडकं." फक्त एवढंच. तो फडकं घेऊन आला. वाटेत कुठं थांबला नाही. पद्मावती बघत राहिली. सुनेचा हात भूपालच्या गुडघ्यावर ठेवायच्या आपल्या हातासारखाच होता, फक्त हिला तो कुणीतरी शिकवला होता.

"आज मंडईत मोना टीचर भेटल्या," पद्मावती म्हणाली.

भूपालचा घास तोंडाशी थांबला. आदिती तशीच खाली बसलेली, तिचा चेहरा उतरला. "आई, आम्ही सांगणारच होतो," ती म्हणाली. "खरंच. शाळेतून दोनदा बोलावणं आलं, मग मीच हट्ट धरला. पण हे म्हणाले, आईला अजिबात पटायचं नाही. ती म्हणेल, माझ्या नातवाला येडं ठरवालायसा. ती म्हणेल, पोर बापावर गेलंय, रक्तात खोट काढू नका. म्हणून मग चित्रकलेचं..."

एकेक शब्द तोच होता. गॅलरीतला. फक्त त्याच्या तोंडातून काढून तिच्या तोंडात घातलेला. पद्मावतीनं भूपालकडं बघितलं. ती थांबली. बालवाडीत एखाद्या पोरानं दुसऱ्याची पाटी फोडली की ती कधी नाव घ्यायची नाही. नुसती थांबायची, आणि बहुतेक पोरं स्वतःच उठून उभी राहायची. आत्तासुद्धा त्यानं तोंड उघडायचा अवकाश होता. तो बोलला असता की नियम आपोआप सुटला असता, तिनं काही मोडलं नसतं, आणि तिनं त्याला तिथल्या तिथं क्षमा केली असती. भूपाल ताटातली भाजी बोटानं सरकवत होता. टेबलाखाली त्याचा गुडघा हलत होता, ताटं किणकिणत होती.

"जाऊ दे की आता," तो म्हणाला. "कळलं न्हवं? झालं तर मग. जेवा. ऊन चाललंय."

"ते बोलणं माझं नव्हे, आदिती," पद्मावती म्हणाली.

"आई!" भूपालनं मान वर केली. "देवासमोर नियम घेतलायस तू."

म्हणजे त्याच्या लक्षात होतं. इतके दिवस तिला वाटत होतं की तो विसरला असेल, तो सगळंच विसरतो, किल्ल्या, वाढदिवस, दुकानाचं कुलूप. हे तो विसरला नव्हता. मंडईपासून छातीत जे काही अडकलं होतं ते त्या एका वाक्यानं पुरतं खाली गेलं, आणि तिला एकदम थंड, मोकळं वाटलं. "घेतला होता," ती म्हणाली. "मोडते. पाप लागेल ते माझं मी बघेन. आदिती, ह्याला दाखवायला हवं हे मी भूपालला सांगितलं होतं. तू इचलकरंजीला गेली होतीस तेव्हा. अरिहंतला तेव्हा चौथं लागायचं होतं. येडं ठरवालीस का, ते हा मला म्हणाला. हा विषय सोड म्हणाला. मी सोडला."

आदिती उठली नाही. तिनं भूपालकडं बघितलंच नाही, ह्याचं पद्मावतीला नवल वाटलं. ती सासूकडंच बघत होती. "मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. आवाज अगदी लहान होता. "कपड्यांच्या घड्या घालताना. मी विचारलं होतं आणि तुम्ही म्हणालात, होईल शांत. मी त्याला त्या वर्षी किती मारलं, आई. मुद्दाम करतो म्हणून. तुमच्या डोळ्यांदेखत मारलं. तुम्हाला माहीत होतं, तो मुद्दाम करत नाही."

खुर्ची मागं सरली. भूपाल ताट तसंच टाकून बाहेर गेला. जिन्याचं दार वाजलं नाही, म्हणजे गेला तो बाहेरच्या खोलीपर्यंतच. अरिहंत फडकं डोक्यावर घेऊन खिडकीत उभा होता आणि टाकीवर बसलेल्या बगळ्याला काहीतरी सांगत होता. पद्मावतीला वाटलं, आदितीचा चेहरा आपण कुठंतरी बघितलाय. मग कळलं, दुपारी मंडईतून आल्यावर हातपाय धुताना आरशात बघितला होता. तिच्याजवळ उत्तर होतं, देव, नियम, मुलगा, घराण्याचं नाव. सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही त्या मारलेल्या पोरापुढं ठेवण्यासारखं नव्हतं. तिनं ते ठेवलं नाही. ती खुर्चीवरून उतरली, गुडघे धरत फरशीवर सुनेसमोर बसली.

आदितीनं नाक पुसलं. "सांगा," ती म्हणाली, रागानंच. "पहिल्यापासून सांगा. केव्हा दिसलं, काय काय दिसलं. तिथं विचारतात आणि मला आठवत नाही, मी तेव्हा नुसती ओरडत होते. आणि ह्यांचंही सांगा. हे लहान असताना कसे होते ते."

पद्मावतीनं सांगायला सुरुवात केली. दाराच्या चौकटीत सावली आली आणि थांबली, ती भूपालची होती. तिला ती दिसली. तिनं आवाज कमी केला नाही.